घर विकण्यापूर्वी

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले) आपल्या धर्मग्रामांतून गेल्या दोन-तीन पिढ्यांत मोठे स्थलांतर झाले आहे. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर, घोगरगाव, हरेगाव या परिसरातील मुले शिकली, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेली, काही परदेशी स्थिरावली. गावी आई-वडील राहिले आणि त्यांच्या पश्चात घराला कुलूप लागले. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस भावंडे एकत्र येतात, कुलूप उघडतात, छपराचे गळके पत्रे पाहतात, आणि कोणीतरी विषय काढतो : घर विकायचे का?

प्रश्न सोपा वाटतो. गिऱ्हाईक मिळाले, भाव ठरला की झाले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात व्यवहार अडतो तो भावावरून क्वचितच. तो अडतो बापजाद्यांच्या नावावरून, बहिणीच्या सहीवरून आणि जमिनीच्या प्रकारावरून. या तीन गोष्टींचा उलगडा इसार घेण्यापूर्वी झाला नाही, तर घर तर विकले जात नाहीच, शिवाय भावंडांत कायमचे वितुष्ट येते. म्हणून घर विकू इच्छिणाऱ्या आपल्या बंधुभगिनींच्या मनात सामान्यतः येणाऱ्या शंकांचा येथे थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजले आहे.

घर नेमके कोणाचे?

गावात सर्वांत रूढ असलेला समज असा की, घरपट्टी ज्याच्या नावे येते तो मालक. हा समज चुकीचा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीसाठी असतो. कर कोणाकडून वसूल करावयाचा, एवढेच तो सांगतो. सातबाऱ्यावरील वा मालमत्ता पत्रकावरील फेरफार नोंदही मूलतः महसुलाच्या सोयीसाठी असते. मालकी ठरते ती नोंदणीकृत खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र यांसारख्या दस्तांवरून, आणि असा दस्त नसेल तेव्हा वारसा कायद्यावरून. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने घरपट्टी आपल्या नावे करून घेतली, म्हणून तो एकटा घर विकू शकत नाही.

वारसा कायद्याबाबत आपल्या समाजात फार मोठा गोंधळ आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांत जे चालते तेच आपल्याला लागू, असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता मरण पावल्यास तिच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार होते. या कायद्यात 'वडिलोपार्जित' मालमत्तेत मुलाचा जन्मतः हिस्सा ही कल्पनाच नाही. वडील हयात असेपर्यंत घर त्यांचे. ते विकू शकतात, दान देऊ शकतात, मृत्युपत्राने कोणासही देऊ शकतात. मुलाने 'माझा हिस्सा आधी द्या' म्हणून अडवणूक केली, तर तिला या कायद्याचा आधार नाही.

वडील मृत्युपत्राविना वारल्यास विधवेस एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान, अशी वाटणी होते. मुलगा व मुलगी असा भेद नाही. समजा, मागे आई, दोन मुलगे व दोन मुली आहेत आणि घर २४ लाख रुपयांस विकले. आईचे ८ लाख, आणि चौघांपैकी प्रत्येकाचे ४ लाख. एखादा मुलगा वडिलांच्या आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा बुडत नाही, तो त्याच्या मुलांकडे जातो. पुढे आईही मृत्युपत्राविना गेली, तर तिचा भाग मुलांत समान वाटला जातो. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याचा हिस्सा पालकाने परस्पर विकू नये. जिल्हा न्यायालयाची पूर्वपरवानगी घेणे हाच सुरक्षित मार्ग होय, अन्यथा ते मूल सज्ञान झाल्यावर व्यवहारास आव्हान देऊ शकते.

येथे एक नाजूक बाब सांगणे आवश्यक आहे. आपल्या जिल्ह्यात अशी अनेक घरे आहेत की, ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरा आहे. त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत, त्यांची चर्चा येथे करीत नाही. पण वारसाहक्काच्या दृष्टीने हा फरक निरर्थक नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवेला प्रत्येक मुलाएवढा एक हिस्सा मिळतो. म्हणजे वरील उदाहरणात ८ लाखांऐवजी ४ लाख ८० हजार. वारसांत एकमत असेल तर प्रश्न येत नाही. एकमत नसेल तर कोणता कायदा लागू, हाच वादाचा पहिला मुद्दा होतो. अशा कुटुंबाने व्यवहारापूर्वी दिवाणी कामाच्या जाणकार वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

बहिणीची सही

ख्रिस्ती मुलीला कायद्याने समान वाटा आज मिळालेला नाही. १९२५ च्या कायद्यात तो आहेच, आणि त्यापूर्वीच्या १८६५ च्या कायद्यातही होता. हिंदू मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचे स्थान देशभर मिळाले ते २००५ साली. केरळातील काही भागांत जुन्या संस्थानी कायद्यामुळे ख्रिस्ती मुली वंचित होत्या. मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली तो अन्याय दूर केला. आपल्याकडे असा अडसर कधीच नव्हता. तरीही आपल्या गावांत काय घडते? घर विकण्याचे ठरले की बहिणीला निरोप जातो : 'तालुक्याला ये, एक सही करायची आहे.' कसली सही, हे तिला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात पोहोचल्यावर कळते. हक्कसोडपत्राचा कागद तयार असतो, आणि 'भावाकडे माहेरपण टिकवायचे असेल तर...' हे वाक्य न उच्चारताच ऐकू येते.

हक्कसोडपत्र करणे बेकायदेशीर नाही. बहीण सुस्थितीत असेल, भावाने आई-वडिलांना अखेरपर्यंत सांभाळले असेल आणि तिने समजून-उमजून हक्क सोडला, तर त्यात वावगे काही नाही. तथापि सही करण्यापूर्वी आपला वाटा किती, घराची किंमत किती, हे तिला स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. दबावाने वा फसवून घेतलेले हक्कसोडपत्र न्यायालयात रद्द होऊ शकते, आणि त्यासोबत पुढची विक्रीही अडचणीत येते. म्हणूनच चतुर खरेदीदार हक्कसोडपत्रापेक्षा सर्व बहिणी स्वतः विक्रेत्या म्हणून खरेदीखतावर असाव्यात, असा आग्रह धरतो. आमच्या मतेही तीच रीत योग्य. सर्वांची नावे, सर्वांच्या सह्या, आणि प्रत्येकाच्या हिश्श्याची रक्कम ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात. हक्कसोड करावयाचीच असेल तर तो दस्त नोंदणीकृत हवा. साध्या वा शंभराच्या मुद्रांकावर नोटरीपुढे केलेली हक्कसोड टिकत नाही.

जे वारस परदेशी आहेत त्यांना प्रत्येक वेळी यावे लागत नाही. तेथील भारतीय वकिलातीत सही करून ते एखाद्या नातेवाइकास मुखत्यारपत्र देऊ शकतात. असा कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती वारली की तो अधिकार सर्वसाधारणपणे तेथेच संपतो. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर 'विकण्याची' जी पद्धत पडली होती, तिने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे.

नावांचा घोळ आणि चर्चच्या नोंदवह्या

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूसंघीय मिशनरी या जिल्ह्यात आले. तेव्हापासून आपल्या कित्येक घरांतील माणसांना दोन नावे आहेत, एक गावचे आणि एक बाप्तिस्म्याचे. सातबाऱ्यावर 'सखाराम', चर्चच्या वहीत 'सायमन'. मृत्यूच्या दाखल्यावर तिसरेच काही. आडनावांतही तोच प्रकार. एका भावाने मूळ आडनाव ठेवले, दुसऱ्याने गावावरून नवे घेतले. पूर्वी सारा गाव ओळखत असे, म्हणून काही अडत नव्हते. आता बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध अहवाल मागतो आणि 'सखाराम व सायमन ही एकच व्यक्ती कशावरून?' असे विचारतो.

अशा वेळी धर्मग्रामाच्या नोंदवह्या मोलाच्या ठरतात. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-वडिलांची नावे असतात. वडिलांच्या विवाहाची आणि मुलांच्या बाप्तिस्म्याची नोंद शेजारी-शेजारी ठेवली की नाते उलगडते. जुनी नोंद शोधताना एक ध्यानात ठेवावे : आजचा धर्मग्राम कदाचित नंतर स्थापन झालेला असेल आणि आजोबांची नोंद मूळच्या मोठ्या मिशन केंद्रात असेल. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला. त्यापूर्वी हा जिल्हा पुणे धर्मप्रांतात होता. धर्मगुरूंकडे दाखला मागण्यास जाताना अंदाजे वर्ष, आई-वडिलांची नावे व त्या वेळचे गाव लिहून न्यावे, म्हणजे त्यांचाही वेळ वाचतो. यात्रेच्या किंवा नाताळच्या आदल्या दिवशी मात्र जाऊ नये!

चर्चचा दाखला हा पुरावा आहे, वारस प्रमाणपत्र नव्हे. वारस प्रमाणपत्र महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ अन्वये दिवाणी न्यायालय देते. बहुतेक व्यवहारांत तलाठ्याकडील (ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे) वारस नोंद, 'अमुक उर्फ तमुक' असे प्रतिज्ञापत्र आणि चर्चचे दाखले एवढ्यावर काम भागते. कोणी हरकत घेतली किंवा बँकेने आग्रह धरला, तर न्यायालयाचा मार्ग घ्यावा लागतो आणि त्यास काही महिने लागतात. म्हणून वारस नोंदीचे काम गिऱ्हाईक दारात येण्यापूर्वीच उरकावे. जिल्ह्याच्या नामांतरामुळेही काहींच्या मनात धास्ती आहे. जुन्या खरेदीखतावर 'अहमदनगर' लिहिलेले आहे म्हणून दस्त बाद होत नाही, तो नव्याने करण्याची गरज नाही. नवीन दस्तात नवे नाव येईल, एवढेच.

वडिलांनी मृत्युपत्र केले असेल तर काम पुष्कळ हलके होते. मृत्युपत्रावर त्यांची व दोन साक्षीदारांची सही हवी. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. २००२ च्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या मृत्युपत्रास न्यायालयाच्या प्रोबेटची सक्ती उरली नाही. एक बारीक गोष्ट मात्र भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र केल्यानंतर विवाह केला, तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. पहिली पत्नी वारल्यानंतर पुन्हा विवाह करणाऱ्यांनी हे विसरू नये.

घराखालची जमीन

घराच्या चार भिंती आपल्या असतात, पण त्यांच्या खालची जमीन कोणत्या अटीवर मिळालेली आहे, हे पाहिले नसेल तर सर्व व्यवहार वाळूवर उभा राहतो. आमच्या जिल्ह्यात तर या बाबतीत जितकी गावे तितके प्रकार.

सर्वांत महत्त्वाचा प्रकार वतनाच्या जमिनीचा. आपल्या अनेक कुटुंबांचे पूर्वज महार वतनदार होते. या वतनाने जमीन थोडी आणि गावकीची राबणूक फार दिली. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, ही वतने संपुष्टात आली आणि जमिनी वतनदारांस नवीन व अविभाज्य शर्तीने पुन्हा देण्यात आल्या. सातबाऱ्यावर त्या 'भोगवटादार वर्ग २' म्हणून दिसतात आणि इतर हक्कांत 'महार वतन' वा '६ ब' अशी नोंद असते. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन व शासनाचा नजराणा भरूनच विकता येते. परवानगीविना विकल्यास शर्तभंग होतो आणि जमीन सरकारजमा होण्याचा धोका असतो. तिच्यावर पक्के घर बांधले आहे, तीन पिढ्या राहत आहोत, हे म्हणणे तेथे पुरत नाही. कवडीमोलाने, साध्या कागदावर, परवानगीचे 'आम्ही पाहून घेऊ' म्हणणाऱ्या दलालांना अशा जमिनी किती सहज गेल्या, हे गावोगावच्या वृद्धांस विचारावे.

शासनाने भूमिहीनांस वा घरकुलासाठी दिलेल्या भूखंडांनाही अशाच अटी असतात. मूळ वाटपाचा आदेश काढून वाचावा. अकोले तालुक्यातील व अन्यत्र आदिवासी बांधवांची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीविना बिगर-आदिवासीस विकता येत नाही. नगरजवळील भिंगारसारख्या छावणी हद्दीत काही घरांखालची जमीन केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याची असते आणि घरमालकाचा हक्क केवळ वर उभ्या असलेल्या बांधकामापुरता असतो. तेथेही खात्याला विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. हरेगाव-टिळकनगर परिसरात शेती महामंडळाच्या चाळींत पिढ्या वाढल्या. परंतु केवळ दीर्घ वास्तव्याने ती खोली आपल्या मालकीची होत नाही, आणि जी मालकीची नाही ती 'विकून' घेतलेले पैसे पुढे गळ्याशी येतात.

मिशनच्या आवारातील घरांचेही तेच. ज्या जमिनी सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या नावे आहेत, त्या विकण्यास १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. पूर्वी मिशनसाठी राबलेल्या कुटुंबास राहण्यास जागा दिली गेली असेल, पण राहण्याची मुभा म्हणजे विकण्याचा हक्क नव्हे.

गावठाणातील घरांना सातबारा नसतो, हीच त्यांची अडचण होती. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीनुसार ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांस मालमत्ता पत्रक व सनद देण्यात येते. आपल्या गावात मोजणी झाली असेल तर पत्रकावर नाव कोणाचे लागले आहे, क्षेत्र बरोबर आहे का, हे आताच तपासावे. आई हयात असताना केवळ एका मुलाचे नाव लागले असेल, तर त्यास वेळीच हरकत घ्यावी.

शहरालगत शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून घेतलेल्या घरांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. एवढेच सांगतो की, तुकडेबंदी कायद्यामुळे अशा पुष्कळ घरांचे व्यवहार नोटरीच्या कागदावर झालेले आहेत आणि ते विक्रीस आले की अडतात. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांस त्यात वाव मिळाला. आपले घर त्यात बसते का, हे नगरपालिकेत वा महापालिकेत विचारून, नियमित करूनच गिऱ्हाईक शोधावे. नियमित घराचा भाव आणि नोटरीच्या कागदावरील घराचा भाव यांत मोठे अंतर असते.

भाव, इसार आणि पैसा

योग्य भाव कसा कळावा? शेजाऱ्याने सांगितलेला आकडा बहुधा फुगलेला असतो आणि दलालाने सांगितलेला दबलेला. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते पाहावेत. लगतच्या एक-दोन घरांची गेल्या दोन वर्षांत विक्री झाली असेल तर त्यांच्या सूची क्रमांक २ च्या प्रती नोंदणी कार्यालयातून मिळतात. त्यांत क्षेत्र व किंमत दिलेली असते. घाईने विकणाऱ्याला भाव मिळत नाही. मुलीचे लग्न, आजारपण, कर्ज यांसाठी विकावे लागत असेल तरी ते कारण गिऱ्हाइकास सांगण्याची आवश्यकता नाही.

इसार घेताना पावतीवर एकूण किंमत, उरलेली रक्कम देण्याची तारीख आणि ती चुकल्यास काय, हे स्पष्ट लिहावे. मुदत नसलेली इसार पावती म्हणजे घराला लागलेले दुसरे कुलूपच होय. खरेदीदारास कर्ज काढावयाचे असेल तर नोंदणीकृत साठेखत करावे लागते. त्यातही मुदत हवी. पूर्ण रक्कम मिळाल्याशिवाय ताबा, किल्ली वा मूळ दस्त देऊ नयेत. 'संपूर्ण मोबदला मिळाला' असे खरेदीखतात लिहून सही केली आणि निम्मे पैसे नंतर मिळणार असतील, तर ते मिळविणे अतिशय कठीण जाते. धनादेशाचा वा बँक हस्तांतरणाचा क्रमांक दस्तात लिहावा. कोऱ्या मुद्रांकावर सही वा अंगठा कोणत्याही सबबीखाली देऊ नये. नोंदणीच्या वेळी म्हातारी आई 'वाचून काय करायचे?' म्हणते, परंतु दस्त तिला मोठ्याने वाचून दाखविणे हे मुलांचे कर्तव्य आहे.

मुद्रांक शुल्क व नोंदणी फी, वेगळा करार नसल्यास, खरेदीदार भरतो. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण कमाल ३० हजार रुपये. हा खर्च वाचविण्यासाठी खरेदीदार 'कागदावर कमी दाखवू, बाकी रोख देतो' असे सुचवितो. विक्रेत्याने यास बळी पडू नये. प्रामाणिकपणाचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहारतःही तोटा विक्रेत्याचाच. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने बंदी आहे आणि जेवढी रोख घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय दाखविलेली किंमत शासकीय मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर कर शासकीय मूल्यावरच आकारला जातो. हातात न आलेल्या पैशांवर कर भरण्याची पाळी येते.

कराची भीती मात्र अनेकांना वास्तवाहून अधिक वाटते. २४ महिन्यांहून अधिक काळ मालकीत असलेल्या घरावरील नफा हा दीर्घकालीन भांडवली नफा होय, आणि वारसाने आलेल्या घरात आधीच्या मालकाचा काळही मोजला जातो. १ एप्रिल २००१ पूर्वीचे घर असेल तर त्या तारखेची बाजारकिंमत ही मूळ किंमत म्हणून धरता येते. २३ जुलै २०२४ पासून कराचा दर साडेबारा टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांबाबत भारतात राहणाऱ्या व्यक्तीस जुन्या पद्धतीने, म्हणजे महागाईची वजावट घेऊन वीस टक्के, असा हिशेबही करता येतो. जो कमी येईल तो भरावा. कर घरावर एकत्र नसून प्रत्येक वारसास आपापल्या हिश्श्यापुरता असतो, त्यामुळे लहान हिस्सेदारास तो पुष्कळदा नगण्य ठरतो. नफ्याची रक्कम दोन वर्षांत दुसरे घर घेण्यास किंवा तीन वर्षांत बांधण्यास वापरली, तर त्यावर सूट आहे. सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवूनही सूट घेता येते. गावातील शेतजमिनीस असलेली करमाफी घरास लागू होत नाही, हे ध्यानात असावे. विक्रेता परदेशस्थ असेल तर खरेदीदारास बरीच मोठी रक्कम कर म्हणून आधीच कापून ठेवावी लागते. त्यासाठी सनदी लेखापालाचा सल्ला आगाऊ घ्यावा.

आई कोठे राहणार?

या साऱ्या कागदांत हा प्रश्न शेवटी येतो. खरे पाहता तो पहिला असावयास हवा. घर विकून मुलांनी वाटे घेतले आणि आई तीन-तीन महिने एकेकाकडे फिरते आहे, अशी उदाहरणे प्रत्येक धर्मग्रामात सापडतील. विधवेचा एक तृतीयांश वाटा ही कृपा नव्हे, तो तिचा हक्क आहे. ती रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात जमा व्हावी, मुलासोबतच्या संयुक्त खात्यात नव्हे. ज्या वृद्धांनी 'सांभाळ करील' या अटीवर मुलास घर बक्षीस दिले आणि सांभाळ झाला नाही, त्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार न्यायाधिकरणाकडे ते बक्षीसपत्र रद्द करण्याची मागणी करता येते. मात्र ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असली की काम सोपे होते. आम्हांला असे वाटते की, आईची इच्छा नसेल तर तिच्या हयातीत घर विकण्याची घाई करू नये. पावसाळ्यात गळणारे छप्पर दुरुस्त करण्याचा खर्च चौघांत वाटला तर फार होत नाही.

विक्रीनंतरही काही कामे उरतात. खरेदीखत नोंदले की फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. नोंद प्रमाणित झाल्याची खात्री करावी, नाहीतर पुढील घरपट्टीची मागणी आपल्याच नावे येत राहते. महावितरणच्या जोडणीचे नाव बदलून घ्यावे. सोसायटीचा वा बँकेचा बोजा फिटला असेल तर तो इतर हक्कांतून कमी केल्याचा उतारा जपून ठेवावा. घरातील वेदी, क्रूस व पवित्र प्रतिमा ताबा देण्यापूर्वी सन्मानाने काढून न्याव्यात. अंगणात मरियामातेची ग्रोटो बांधलेली असेल तर तिचे काय करावयाचे, हे धर्मगुरूंना विचारून ठरवावे. खरेदीदार कोणत्याही धर्माचा असो, त्याला त्याबाबत आधीच कल्पना दिलेली बरी.

मुले-बाळे नसलेले काही वृद्ध दांपत्य घर न विकता धर्मग्रामास देऊ इच्छितात. धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने मालमत्ता देण्यावर ख्रिस्ती व्यक्तींस पूर्वी जाचक बंधन होते. जवळचे नातलग असल्यास मृत्यूच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र करून ते सहा महिन्यांच्या आत सरकारी कार्यालयात जमा करावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जॉन वल्लामट्टम प्रकरणात ते कलम घटनाबाह्य ठरविले. आता असे मृत्युपत्र इतर कोणत्याही मृत्युपत्राप्रमाणेच करता येते. हयातीत द्यावयाचे असेल तर नोंदणीकृत दानपत्र करावे, त्यात आपल्या दोघांच्या अखेरपर्यंतच्या वास्तव्याचा हक्क लिहून ठेवावा, आणि ते संस्थेच्या नोंदणीकृत नावानेच करावे. धर्मगुरूंच्या व्यक्तिगत नावाने ते करू नये, कारण त्यांची बदली होते आणि दस्तावरील नाव तसेच राहते.